उजवीकडं कमी येतंय

"ताई, ह्यो बी तसलाच निघाला."

एवढं बोलून नवनाथनं हेडफोन काउंटरवर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. त्या वेळी दुकानात कॉलेजच्या दोन मुली इअरफोन निवडत होत्या. त्यांनी एकमेकींकडं बघितलं, हातातला डबा खाली ठेवला आणि "परत येतो" म्हणून निघून गेल्या. एकानं परत आणलेला माल दुसऱ्या गिऱ्हाइकानं पाहिला की असंच होतं. माझं डोकं तिथंच तापलं.

कारण हा त्याला दिलेला तिसरा हेडफोन होता. पहिला बदलून दिला, दुसराही बदलून दिला. तिसऱ्या वेळी थोडे पैसे वर घालून त्यानं जरा वरचा पीस घेतला. तरी तक्रार तीच, शब्दही तेच. उजवीकडं कमी येतंय.

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं दुकान आहे. हेडफोन, माइक, स्पीकर आणि गेमिंगचं सामान, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षं पुण्यात एका सर्व्हिस सेंटरला सोल्डरिंग केलं आणि मग गावाकडं येऊन हे थाटलं. इकडं आल्यावर पहिला धडा मिळाला तो गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचा. पुण्यात लोक विचारायचे, कुठला चांगला? इथं विचारतात, कुठला जोरात वाजतो? ऊसपट्ट्यात जोरात वाजतो तोच चांगला. समजावून सांगायला गेलं तर पुढच्या दुकानात जातात.

नवनाथ इंदापूर तालुक्यातला, शेळगावचा. अजून तिशी गाठायची होती. घरचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, हंगामात कारखान्याला ऊस वाहायचा. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. फडातून ऊस भरून निघालं की ट्रॉली लगेच रिकामी होत नाही. कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टरची रांग असते आणि आपला नंबर पुकारला जाईपर्यंत तिथं थांबावं लागतं. कधी दोन-चार तास, कधी अख्खी दुपार. पूर्वी पत्ते चालायचे. आता मोबाइलवर गेम चालतो. चौघांचं एक स्क्वॉड करायचं, मैदानात उतरायचं आणि शत्रूला टिपायचं. नवनाथचंही असं स्क्वॉड होतं आणि त्यात हा सगळ्यात पुढं पळणारा.

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याकडं कुठल्या तरी हातगाडीवरून घेतलेला ब्लूटूथ हेडफोन होता. त्यात त्याला गोळी आधी लागायची आणि तिचा आवाज मागनं यायचा. याला आम्ही लॅग म्हणतो. वायर नसल्यानं आवाज मोबाइलमधून हेडफोनपर्यंत पोचायला क्षणभर उशीर होतो. गाण्याला तो कळत नाही, गेममध्ये जीव जातो. त्याचं म्हणणं साधं होतं. गाणीही ऐकायचीत, गेमही खेळायचाय आणि खिशात फार काही नाही.

हे मला रोज कुणी ना कुणी विचारतं, त्यामुळं उत्तर पाठ आहे. बजेट कमी असेल तर वायरचा घ्या. ब्लूटूथवर जाणारा पैसा आवाजावर जातो. कानाला कुशन मोठं आणि मऊ बघा. आणि लाल-निळे लाईट लावलेला घेऊ नका, कारण ते लाईट कानाला दिसत नाहीत, पण पैसे त्यांचेच पडतात. गाण्याला भरदार आवाज लागतो. गेमला दिशा लागते, म्हणजे पाऊल उजवीकडं वाजलं की डावीकडं हे कळायला लागतं. दोन्ही बऱ्यापैकी देणारा एक वायरचा पीस मी त्याला दिला. पोरगं खूश होऊन गेलं. आठवडा गेला नाही तोच दारात हजर. रात्री घरी खेळताना उजव्या बाजूनं येणारा माणूस ऐकूच येत नाही, म्हणाला, आणि मी मरतोय.

मी तेव्हा पीस खराब असेल म्हणून बदलून दिला. स्वस्त मालात शंभरात दोन-चार तसे निघतात. पण तिसऱ्यांदाही तेच म्हटल्यावर मला वाटलं, हा खेळून घेतोय आणि मग परत आणतोय. असली गिऱ्हाइकं असतात. लग्नाच्या सीझनमध्ये स्पीकर नेतात आणि वरात संपली की परत आणून म्हणतात, बेस नाही.

त्यामुळं त्या दिवशी मी बाह्या सरसावूनच बसले. त्याच्याबरोबर त्याचा थोरला चुलतभाऊ बापू आला होता. बापू दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतो आणि त्याच स्क्वॉडमध्ये खेळतो. तो हाताची घडी घालून दाराशी उभा राहिला. मी म्हटलं, बरं झालं, साक्षीदार आहे.

हेडफोन दुकानाच्या कॉम्प्युटरला लावला. माझ्याकडं तपासणीची एक फाइल आहे. आधी फक्त डावीकडं आवाज, मग फक्त उजवीकडं, मग जाड सुरापासून बारीक शिट्टीपर्यंत चढत जाणारा आवाज. मी कानाला लावून ऐकलं. दोन्हीकडं सारखं. तरी त्याची खात्री पटावी म्हणून छोटा माइक काढला. तो हेडफोनच्या कपाच्या, म्हणजे कानावर बसणाऱ्या वाटीच्या आत धरला की किती आवाज येतो ते स्क्रीनवर रेघेनं दिसतं. डावी रेघ आणि उजवी रेघ, दोन्ही एकावर एक बसल्या. मी स्क्रीन त्याच्याकडं फिरवली आणि म्हटलं, आता बोल.

त्यानं स्क्रीनकडं नीट बघितलंसुद्धा नाही. मशीन काय सांगतंय ते मशीनपाशी, मला उजवीकडं कमी येतंय, म्हणाला.

मग शंका राहिली त्याच्या मोबाइलची. पिन बसते तिथं धूळ साचली की एक बाजू कमी होते. उसाच्या फडात फिरणाऱ्या मोबाइलमध्ये काय काय निघतं ते विचारू नका, मी पाचटाचे तुकडेसुद्धा काढलेत. मी हेडफोन माझ्या डोक्याला लावला, वायर त्याच्या मोबाइलला जोडली आणि त्याला म्हटलं, तू रोज ऐकतोस तसंच गाणं लाव, आवाजाला हात लावू नकोस. त्यानं लावलं.

माझ्या उजव्या कानात कुणी तरी काडकन थप्पड मारावी तसं झालं. मी ओरडलेच. हेडफोन डोक्यावरनं ओढून काढला तो थेट काउंटरच्या पलीकडं जाऊन पडला. कान बधिर झाला होता. आणि विचित्र म्हणजे डावीकडं जवळपास काहीच वाजत नव्हतं.

मला वाटलं, याला माझी चेष्टा करायचीय. मी त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि सेटिंगमध्ये गेले. मोबाइलमध्ये बॅलन्स नावाची एक पट्टी असते. तिचा ठिपका मधोमध असला की दोन्ही कानांना सारखा आवाज मिळतो. उजवीकडं सरकवला की डावा कमी होत जातो. नव्याण्णव टक्के लोकांना ही पट्टी मोबाइलमध्ये आहे हेच माहीत नसतं. नवनाथच्या मोबाइलवर तो ठिपका उजव्या टोकाला, अगदी कडेला जाऊन बसला होता. आणि आवाज पूर्ण वर.

हे कुणी केलं, मी विचारलं. मीच केलं, तो म्हणाला. उजवीकडं कमी येतंय म्हणून रोज थोडा थोडा सरकवत नेला.

"मग आता कसं येतंय तुला?"

"आता कुठं सारखं यायला लागलंय, ताई. पर उजवीकडं अजून जरा कमीच हाय."

मी खाली स्टुलावर बसले. जो आवाज मला क्षणभर सहन झाला नाही, तो याला कमी वाटत होता. डोक्यातला राग कुठल्या कुठं गेला. तोपर्यंत माझा संशय हेडफोनवर होता, मग मोबाइलवर आणि मग त्याच्यावर. कान माझ्या डोक्यातच आला नव्हता. दुरुस्ती करणाऱ्याला वस्तूच दिसते, वस्तू घालणारा दिसत नाही.

तरी मनाची समजूत घालायला एक गोष्ट करून बघितली. ठिपका मधोमध आणला, आवाज साधा केला आणि हेडफोन त्याच्या डोक्यावर उलटा घातला. उजवा कप डाव्या कानावर, डावा कप उजव्या कानावर. हेडफोनमध्ये दोष असेल तर कमी येणारी बाजूही आता बदलायला हवी, उजवीकडची तक्रार डावीकडं जायला हवी. इतकं सरळ आहे ते. मी विचारलं, आता कुठं कमी येतंय?

"उजवीकडंच."

दुसरा हेडफोन लावला, दुकानातला सगळ्यात भारी, जो मी कुणाला हात लावू देत नाही. तेच. मग त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि कॉम्प्युटरवरनं फक्त उजव्या कानात एक सूर सोडला, चांगला ठसठशीत. तो शांत बसून राहिला. मी आवाज वाढवला. तो बसलेलाच. आणखी वाढवला.

"लावा की ताई," तो डोळे मिटूनच म्हणाला.

दाराशी उभा असलेला बापू दोन पावलं पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता. "आरं, वाजतंय की," तो म्हणाला. "मला हितं उभं राहून ऐकू येतंय."

नवनाथनं डोळे उघडले. आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं. मग हेडफोन काढून उजव्या कानाजवळ स्वतःच्याच बोटांनी चुटक्या वाजवल्या, मग डाव्या कानाजवळ. परत उजव्या. रोज डझनभर लोकांच्या डोक्यावर हेडफोन चढवणारी मी, पण माणसाला आपला कान गेल्याचं माझ्या काउंटरवर कळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

जरा वेळानं मी एकेक विचारायला लागले. हंगाम सुरू झाल्यापासून जरा कमी वाटत होतं, तो म्हणाला. पण गेल्या तीन-चार दिवसांत एकदमच खाली गेलं आणि कानात सारखी शिट्टी वाजतीय. त्याला वाटलं मळ झाला असेल. चुलतीनं लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं, दोनदा. ऐकून मी कपाळाला हात लावला.

पण उजवाच कान का? हे विचारल्यावर जे बाहेर आलं ते माझ्या कल्पनेच्या पलीकडचं होतं. ट्रॅक्टरवर गाण्याचा साउंड असतो हे सगळ्यांना माहीत आहे. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला की घरातली भांडी वाजतात. चढायला-उतरायला डावी बाजू मोकळी लागते, म्हणून नवनाथनं स्पीकरचा खोका उजव्या मडगार्डावर बसवला होता. म्हणजे उजव्या कानापासून हातभरावर. आणि यार्डात पोचल्यावर? तिथं नंबर भोंग्यावरून पुकारतात. ऐकू आला नाही आणि ट्रॅक्टर पुढं घेतला नाही तर मागचा घुसतो आणि आपण परत शेपटाला. म्हणून हे सगळे हेडफोनचा डावा कप कानामागं सरकवून ठेवतात. बापूनं करूनच दाखवलं. एक कान नंबराला, एक कान गेमला. यार्डात इंजिनांचा गोंगाट, त्यात एकाच कानानं शत्रूची पावलं ऐकायची, म्हणून आवाज पूर्ण वर. रस्त्यानं उजवा कान, यार्डात उजवा कान. दोघं हे इतक्या सहज सांगत होते की मी नुसती बघत राहिले. मी हेडफोन विकताना वॉरंटी सांगते, वायर कशी गुंडाळायची ते सांगते. दोन कानांची वस्तू कुणी एका कानावर घालत असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आणि मग बापू चाचरत म्हणाला, "नवनाथ, परवाचं सांग की."

नवनाथ म्हणाला, ते काय सांगायचं, काय झालं न्हवतं. तेव्हा बापूनंच सांगितलं. फडात भरलेली ट्रॉली मागं घ्यायची होती. तोडणीच्या टोळीतली एक बाई ट्रॉलीच्या उजव्या अंगाला खाली पडलेल्या मोळ्या उचलत होती. ट्रॉली मागं यायला लागल्यावर ती ओरडली, पुन्हा ओरडली. बापू लांब बांधावर होता, त्यालासुद्धा ऐकू गेलं. नवनाथनं ट्रॅक्टर थांबवला नाही. बापू पळत आला आणि मडगार्डावर हात आपटला, तेव्हा ब्रेक लागला. बाईचा पदर चाकाखाली गेला होता. बाई वाचली.

मी नवनाथकडं बघितलं. तो खाली मान घालून काउंटरची कड नखानं खरवडत होता.

"मला वाटलं ती वरडलीच न्हाय," तो म्हणाला. "मुकादमासमोर मी तिला खोटारडी म्हणालो, ताई. सगळ्यांसमोर."

मी मोबाइल हातात घेतला.

माझ्या दुकानापासून जवळच एक कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्याच्या माइकची दुरुस्ती माझ्याकडंच असते, म्हणून ओळख. मी फोन लावला आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. डॉक्टर एरवी थट्टा करत बोलतात. त्या दिवशी त्यांनी एकच विचारलं, एकदम कमी होऊन किती दिवस झाले? मी सांगितलं. आत्ताच्या आत्ता पाठवा, ते म्हणाले. एका कानाचं ऐकू येणं असं अचानक खाली गेलं तर लवकर औषध सुरू केलं तरच काही आशा असते. दिवस गेले की हात चोळत बसायचं.

मी हे जसंच्या तसं नवनाथला सांगितलं. त्याचं उत्तर ऐकून मला दुसरा धक्का बसला. हंगाम संपला की जातो, म्हणाला.

शेळगावजवळच्या कळंबच्या एका फडात त्याच्या दोन्ही ट्रॉल्या भरून उभ्या होत्या. तुटलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, शेतकरी बोंब मारतो, टोळी खोळंबते. संध्याकाळच्या आत खेप निघायलाच पाहिजे, असं तो मला समजावून सांगत होता. आणि कान काय, डावा आहेच की. माझा आवाज मग असा चढला की शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघायला लागला. मी म्हटलं, अरे शहाण्या, तुझ्या कानाचं तू बघ, तुझा कान आहे. पण आज संध्याकाळी त्याच फडात तू परत ट्रॉली मागं घेणार आणि उजव्या अंगाला परत कुणी तरी मोळ्या उचलत असणार. ती ओरडली तर कुणी ऐकायचं?

मी हात पुढं केला.

"ट्रॅक्टरची चावी दे."

त्यानं बापूकडं बघितलं. बापू म्हणाला, दे, तुझी खेप मी नेतो. बराच वेळ खिशात हात घालून नवनाथ तसाच उभा राहिला. मग चावी काढली आणि माझ्या हातात न देता बापूच्या हातात दिली. मला त्याचं काही वाटलं नाही. चावी त्याच्या खिशातून निघाली, एवढ्यावर माझं काम झालं.

बापू मोटारसायकल घेऊन कळंबला गेला. मी शटर अर्धं ओढलं आणि नवनाथला घेऊन दवाखान्यात चालत गेले. तिथं एक बंद खोली असते, आत बाहेरचा काही आवाज येत नाही. त्यात बसवून कानाला हेडफोनच लावतात आणि बारीक बारीक सूर सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. डाव्या कानाला त्याचं बोट पटापट चालत होतं. उजव्या कानाच्या वेळी बोट बटणावर तसंच राहिलं.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवून दोन गोष्टी सांगितल्या. एक, सततच्या मोठ्या आवाजानं उजव्या कानाचे बारीक सूर गेलेत. आत केसांसारख्या नाजूक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. ते गेलं ते गेलं. दुसरं म्हणजे, गेल्या काही दिवसांत जे एकदम खाली आलंय ते वेगळं दिसतंय. त्याला गोळ्या आणि कानात इंजेक्शन देऊन बघू, काही परत येईल, काही नाही, शब्द देत नाही. पण महिनाभरानं आला असतास तर मी तुला पुढच्या पेशंटला जागा दे म्हणालो असतो. तेलाबद्दल ते जे बोलले ते इथं लिहीत नाही. पडदा शाबूत होता, एवढं चुलतीचं नशीब.

नवनाथनं सगळं ऐकून घेतलं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर त्यानं मला विचारलं, ती बाई खरंच ओरडली असेल का? मी म्हटलं, बापूनं बांधावर ऐकलं ना? त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. तिशीला टेकलेला गडी माझ्यासमोर रडताना बघून मला काय करावं कळेना. मी चहा सांगितला.

उपचार चालू असेपर्यंत तो ट्रॅक्टरवर बसला नाही. त्याच्या खेपा बापू आणि आणखी एकजण ओढत राहिले. नवनाथ रोज बारामतीला दवाखान्यात यायचा आणि जाताना दुकानात डोकवायचा, काही घ्यायला नव्हे, सांगायला. आज शिट्टी जरा कमी आहे. आज झोपेत डाव्या कुशीवर होतो तरी कोंबडा ऐकू आला. मधेच एकदा येऊन सांगून गेला की टोळीच्या कोप्यांवर, त्यांच्या झोपड्यांवर जाऊन आला. त्या बाईची सगळ्यांसमोर माफी मागितली. ती काय म्हणाली, मी विचारलं. ती म्हणाली म्हणे, मी तर तुझं नाव घेऊन वरडले होते.

दुसऱ्या तपासणीत बरंच परत आलेलं निघालं. सगळं नाही. बारीक सूर गेले ते गेलेच, आणि शांत ठिकाणी बसलं की शिट्टी अजून वाजते. पण उजवीकडून कुणी हाक मारली तर तो आता मान वळवतो. डॉक्टरांनी ट्रॅक्टर चालवायला परवानगी दिली, एका अटीवर. मडगार्डावरचा खोका काढायचा. त्यानं तो काढला आणि ट्रॉली मागं घेताना मागं माणूस उभा केल्याशिवाय घ्यायची नाही, असं ठरवलं.

मला वाटलं, विषय संपला. तर एका दुपारी नवनाथ अख्खं स्क्वॉड घेऊन दुकानात आला. तो, बापू आणि आणखी दोघं. त्या दोघांची चेष्टा वाटेपासूनच चाललेली असावी. एकजण त्याच्या उजव्या बाजूला जाऊन हळू आवाजात काही तरी म्हणायचा आणि दुसरा विचारायचा, आलं का रं बहिऱ्या ऐकू? नवनाथ हसत होता. चौघांनाही हेडफोन बघायचे होते. बापूनं सांगितलं की यार्डात आता नवी पद्धत केलीय, पाळीपाळीनं एकजण गेम सोडून नंबराकडं कान ठेवून बसतो, त्यामुळं दोन्ही कप कानावर राहतात. मला बरं वाटलं. चार पीस जाणार म्हणूनही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण पहिला डबा उघडायच्या आधी मी त्यांना म्हटलं, एक मिनिट, जरा गंमत करू. दुकानातला भारी हेडफोन काढला. एकेकाला बसवलं, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं की आवाज ऐकू आला की हात वर करायचा. आधी डाव्या कानात एक मध्यम सूर सोडायचे, मग तितकाच उजव्या कानात. आवाज चौघांना एकच ठेवला, मला स्वतःला आरामात ऐकू येईल एवढा.

डाव्या कानाला चौघांचेही हात वर गेले. एकाचा तर मी नीट बसायच्या आतच गेला.

उजव्या कानाला नवनाथचा हात वर झाला. जरा उशिरा, पण झाला. बापूचा झाला नाही. बाकीच्या दोघांपैकी एकाचा झाला आणि दुसरा, जो वाटभर बहिऱ्या म्हणून चिडवत आला होता, तो हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला. मी सूर चालूच ठेवला. तो हसत म्हणाला, "सुरू करा की, ताई."

नवनाथ पुढं झाला, त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, ताई, डॉक्टरला फोन लावा.

त्या दिवशी एकही डबा विकला गेला नाही. चौघंही दवाखान्यात गेले. त्यांचं पुढं काय निघालं ते त्यांचं त्यांना माहीत, मी सांगणं बरोबर नाही. पण तेव्हापासून माझ्या दुकानात एक नियम आहे आणि तो मी गिऱ्हाइकाला फोनवरसुद्धा सांगते. एका बाजूला कमी येतंय असं वाटलं तर आधी घरीच हेडफोन उलटा घालून बघा. कमी येणारी बाजू बदलली तर माझ्याकडं या, मी बदलून देईन. नाही बदलली तर माझ्याकडं येऊ नका.